सलाबतखान आणि बीडची खजिना विहीर

पाथर्डीकडून अहमदनगरास (हल्लीचे अहिल्यानगर) येणाऱ्या वाटसरूस शहर दृष्टीस पडण्यापूर्वी डोंगराच्या माथ्यावर एक तीन मजली अष्टकोनी दगडी इमारत दिसू लागते. सर्व मुलूख तिला चांदबिबीचा महाल म्हणतो. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी यात्रेस अथवा सभेस जाताना ती पाहिली असेल, आणि मुलांस तेच नाव सांगितले असेल. वस्तुतः ती इमारत चांदबिबीची नव्हे, आणि महालही नव्हे. ती एक कबर आहे. आणि तीत जो पुरुष पुरला आहे त्याने बीड शहराच्या दक्षिणेस सुमारे सहा किलोमीटरांवर एक विहीर बांधवली, जिचे पाणी चारशे चाळीस वर्षांनंतरही लोकांच्या बोलण्यात आहे. त्या पुरुषाचे नाव सलाबतखान. त्याचे चरित्र आम्ही आज सांगणार आहो. एका डोंगरावर त्याचे नाव पुसून दुसऱ्याचे लागले, आणि एका विहिरीवर ते लागलेच नाही. म्हणून ते सांगण्याची गरज अधिक वाटते.

सलाबतखान दख्खनचा नव्हता. काळ्या समुद्राच्या पलीकडे कॉकेशस नावाचा जो डोंगराळ मुलूख आहे तेथला तो. त्या मुलखातील मुले त्या काळी गुलाम म्हणून विकली जात, आणि इराणच्या व तुर्कस्तानच्या दरबारी वाढवली जात. हाही तशाच वाटेने, गुलाम म्हणून, निजामशाहीच्या चाकरीत आला. आजच्या मनास हे विचित्र वाटेल की गुलाम राज्याचा मुख्य कारभारी होतो. परंतु दख्खनच्या सुलतानशाह्यांत ही नवलाची गोष्ट नव्हती. ज्याला येथे भाऊबंद नाहीत, वतन नाही, तो धन्याशीच एकनिष्ठ राहील, अशा हिशोबाने राजे अशा माणसांस वर चढवीत. पुढे मलिक अंबर हाही विकत घेतलेला हबशी गुलामच होता. तो हिशोब दर वेळी बरोबर येई असे नाही. सलाबतखानाच्या बाबतीत मात्र तो इतका बरोबर आला की राजाची निष्ठा पाळता पाळता त्याने स्वतःचा नाश करून घेतला. ते पुढे येईल.

त्याचा धनी मुर्तजा निजामशाह हा १५६५ साली गादीवर बसला. आरंभी कारभार त्याच्या आईच्या हाती होता. नंतर चंगेजखान नावाच्या शहाण्या दिवाणाच्या हाती आला, आणि १५७४ साली वऱ्हाड प्रांत निजामशाहीस जोडला गेला. पण ह्याच चंगेजखानाविषयी राजाच्या मनात कोणी विष कालवले, आणि राजाने त्याला विष पाजवले. तो निर्दोष होता हे कळल्यावर मुर्तजाचे चित्त ठिकाणावर राहिले नाही. तो बागेतल्या वाड्यात कोंडून घेऊन राहू लागला. दरबारात महिनोन्महिने कोणास त्याचे दर्शन होईना. लोकांनी त्याला दिवाणा हे नाव दिले, आणि इतिहासात तो त्याच नावाने राहिला आहे.

राजा असा कोंडून बसला म्हणजे त्याच्या दाराशी जो बसेल तो राज्य करतो. प्रथम साहिबखान नावाचा एक उद्धट लाडका दाराशी बसला, आणि त्याने सरदारांची अब्रू घेण्यास सुरुवात केली. त्याचा शेवट इतर सरदारांनी केला. त्यानंतर, सुमारे १५७९ पासून, कारभार सलाबतखानाच्या हाती आला. काही काळ असदखान नावाचा दुसरा सरदार त्याच्या जोडीस होता; मग तोही दूर झाला. पुढे १५८८ पर्यंत अहमदनगरचे राज्य म्हणजे सलाबतखान, असे होते.

त्या नऊ वर्षांतील लढाया व तह ह्यांचा पाढा आम्ही वाचीत नाही. वऱ्हाडचा सुभेदार सय्यद मुर्तजा त्याच्याशी वैर धरून १५८४ च्या सुमारास नगरावर चालून आला, हरला, आणि अकबर बादशहाकडे पळून गेला. मोगलांची दृष्टी दख्खनकडे वळण्यास हेही एक कारण झाले. विजापूरच्या राजकन्येचे लग्न नगरच्या राजपुत्राशी झाले, आणि त्यातून सोलापूरच्या किल्ल्याविषयी जुना तंटा पुन्हा निघाला. हे सर्व त्या काळच्या कोणत्याही दिवाणाच्या चरित्रात सापडेल. पण फिरिश्ता नावाचा इतिहासकार, जो त्या वेळी नगरच्याच चाकरीत होता आणि ज्याने पुष्कळ डोळ्यांनी पाहिले, त्याने सलाबतखानाच्या कारभाराची जी स्तुती केली ती लढायांची नव्हे. रस्ते निर्धास्त झाले, व्यापारी सोबतीवाचून माल नेऊ लागले, आणि मराठी मुलूख कित्येक पिढ्यांत इतका सुखाने नांदला नव्हता, असा त्याच्या सांगण्याचा आशय आहे. चोरांचा बंदोबस्त करणारे दिवाण आणखीही झाले. पण सलाबतखानाचे लक्ष ज्या दुसऱ्या गोष्टीकडे लागले तिच्याकडे फार थोड्यांचे लागते. ती गोष्ट पाणी.

राजासाठी त्याने नगरजवळ फराहबाग पुरी केली. तळ्याच्या मध्यभागी उभा असलेला तो महाल आधी एका सरदाराने बांधला होता. तो मुर्तजास आवडला नाही, म्हणून पाडून पुन्हा बांधावा लागला, आणि १५८३ साली पुरा झाला. नगराजवळ भातवडीचा तलाव आहे, तोही त्याच्याच कारभारातला. राजाच्या महालाभोवती पाणी खेळवणे हे दरबाराचे काम होते, आणि त्याची वाहवा करणारे पुष्कळ होते. बीडची विहीर त्याच सुमारास, १५८२ साली झाली. तीत राजास पाहण्यासारखे काही नव्हते.

आता ह्या विहिरीपाशी आम्ही थोडे थांबणार आहो. कारण सलाबतखानाच्या चरित्रात हीच गोष्ट अशी आहे की जिचा आजच्या शेतकऱ्याच्या संसाराशी संबंध पोहोचतो.

बीड जिल्ह्याची जमीन आमच्या वाचकांस सांगावयास नको. उत्तरेस गोदाकाठची काळी, आणि दक्षिणेस बालाघाटच्या डोंगरांची हलकी, मुरमाड. सह्याद्री ओलांडून येणारे ढग येथवर येईतो बहुतेक रिते होतात. वर्षाचा पाऊस सरासरी पंचवीस इंचांच्या आसपास; पण ह्या सरासरीवर कोणी पेरणी करीत नाही, कारण एका वर्षी त्याच्या दीडपट पडतो व दुसऱ्या वर्षी निम्मा. ह्या लहरीपणाशी जमवून घेण्याची विद्या येथल्या कुणब्याने शेकडो वर्षे जतन केली. हलक्या रानात मृगाच्या पावसावर बाजरी, तीत तुरीचे तास, म्हणजे एक गेले तरी दुसरे हाती लागावे. काळ्या रानात पावसाळ्यात काहीच न पेरता कुळवाच्या पाळ्या देत राहावयाचे, ओल जमिनीच्या पोटात कोंडावयाची, आणि मग त्या कोंडलेल्या ओलीवर शाळू काढावयाचा. अशा रीतीने काळी जमीन हीच शेतकऱ्याची पहिली विहीर होती. दुसरी विहीर डोंगराच्या पायथ्याशी असे.

पायथ्याशी का, ह्याचे कारण दगडात आहे. आपला दगड काळा कातळ. त्याचे थरावर थर बसलेले आहेत. अखंड कातळात पाणी शिरत नाही. पण दोन थरांच्या मधली जागा भुसभुशीत असते, आणि वरचा झिजलेला मुरूम पाणी पितो. डोंगरावर पडलेला पाऊस ह्या वाटांनी हळूहळू खाली उतरतो, आणि पायथ्याच्या उताराशी जमिनीच्या अगदी जवळ येतो. हे ज्ञान पुस्तकांतून आलेले नाही असे कोणी म्हणेल, तर तेही खरे नव्हे; वराहमिहिराने सहाव्या शतकात आपल्या बृहत्संहितेत जमिनीखालच्या पाण्यावर एक सबंध अध्याय लिहिला आहे, आणि कोणत्या झाडाच्या कोणत्या बाजूस, वारुळापासून किती अंतरावर, किती खोल पाणी लागेल हे सांगितले आहे. गावोगावचे पाणाडे आजही उंबर, जांभूळ व वारूळ पाहतात. हातात नारळ धरून फिरणाऱ्यावर आमचा विश्वास नाही, हे आम्ही स्पष्ट सांगतो. पण ज्याच्या मुळांस बारमाही ओल लागते ते झाड जेथे आपोआप वाढले, तेथे ओल वर असली पाहिजे, हे समजण्यास चमत्कार लागत नाही. नुसते लक्ष लागते. पाणाड्याच्या विद्येतले टरफल व दाणा वेगळे करता आले पाहिजेत.

खजिना विहिरीची बांधणी राजा भास्कर नावाच्या स्थपतीने केली. जागा त्याने बालाघाटाच्या उताराखाली निवडली. आजही बीडहून मांजरसुंब्याकडे जाणाऱ्या, म्हणजे सोलापूरच्या, हमरस्त्याने गेले असता ती लागते. विहीर गोल, प्रशस्त, चिरेबंदी असून आतल्या अंगाने फिरती ओवरी आहे. पण तिचे खरे नवल डोळ्यांस दिसत नाही. तिच्या पोटात भुयारी मार्ग आहेत. एकीकडून डोंगराकडचे पाणी आत येते, आणि दुसरीकडून ते बाहेर पडून जमिनीखालून बीडच्या बाजूस जाते, व खालच्या अंगास बलगुजार म्हणून जे क्षेत्र आहे तेथे जमिनीवर प्रकट होऊन पाटाने रानात खेळते. मोट नाही, बैल नाही, रहाट नाही. केवळ उताराने पाणी चालते. भुयाराचा उतार जमिनीच्या उतारापेक्षा थोडा कमी ठेवला, म्हणजे काही अंतरावर भुयार आपोआप उघड्यावर येते, एवढीच ह्यातली किल्ली आहे. पण तो उतार साधणे सोपे नाही. जास्त झाला तर पाणी भुयार खणून काढील. कमी झाला तर गाळ बसेल. दिव्याच्या उजेडात, पाथरवटाच्या सुतकीने व ओळंब्याने तो त्या लोकांनी साधला.

अशी भुयारे इराणात फार प्राचीन काळापासून आहेत. तेथे त्यांस कारेझ म्हणतात. दख्खनात बिदरास बहामनी काळातील कारेझ आहे. तेव्हा सलाबतखान व त्याच्यासारखे परदेशी सरदार ह्यांनी ही कल्पना आपल्याबरोबर आणली असावी हे मानण्यास हरकत नाही. पण इराणात माती खणावयाची असते, येथे कातळ. तेथे पाणी बर्फाच्या डोंगरांचे, येथे चार महिन्यांच्या पावसाचे. येथल्या दगडाची नस ज्यांच्या हातांस ठाऊक होती अशा माणसांवाचून ती परदेशी कल्पना पहिल्या कातळाशीच थांबली असती. कॉकेशसमधला गुलाम, इराणची रीत, दख्खनी स्थपती, आणि ज्यांची नावे कोठे लिहिली नाहीत असे दगडफोडे, ह्या सर्वांची मिळून ती विहीर आहे. बीडपासून जवळच करजणी गावाशी एक घुमट आहे. त्यात महंमद तुघलकाचा एक दात पुरला आहे. बादशहाच्या दातास घुमट मिळाला. भुयार खणणाऱ्यांस काही मिळाले नाही.

लोक सांगतात की ह्या विहिरीचे पाणी पावसाळ्यात वाढत नाही व दुष्काळात घटत नाही. ऐकणारे माना डोलावतात, किंवा हसतात. आम्हांस असे वाटते की ह्या बोलण्यात अतिशयोक्ती असली तरी तिच्या मुळाशी एक अगदी साधे सत्य आहे. एका घागरीस मध्यावर भोक पाडा आणि वरून पाणी ओतीत राहा. कितीही ओतले तरी पाणी भोकाच्या वर फारसे चढणार नाही; जास्तीचे वाहून जाईल. आणि ओतणे कमी केले तर भोकातून बारीक धार निघेल, पण घागर भोकाच्या खाली रिती होणार नाही. खजिना विहिरीचे बाहेर जाणारे भुयार हे ते भोक होय. सुकाळात धार मोठी, दुष्काळात बारीक. पातळी बहुतेक तीच. म्हणजे ही विहीर आपण होऊनच पावसाशी जमवून घेते. डोंगर जेवढे देतो तेवढेच ती पुढे देते, त्याहून एक घागर अधिक कोणाच्या हावेने तीतून निघत नाही, कारण भुयाराला हाव नसते.

ह्याच्या शेजारी आजची स्थिती ठेवून पाहावी. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याने पाण्यासाठी जे हाल सोसले ते ज्यांनी पाहिले असे वृद्ध आमच्या मंडळ्यांत अद्याप आहेत. त्या काळी खडक फोडणारी यंत्रे आली. ह्या कामी मिशनांचाही हात होता हे आम्ही अभिमानाने सांगतो. जालना येथील मिशनने विंधन विहिरी पाडण्याचे काम त्या दुष्काळाआधीच हाती घेतले होते. जालना पंप व सोलापूर पंप म्हणून जे हातपंप प्रसिद्ध झाले ते ह्याच खटपटीतून निघाले, आणि त्यांतूनच पुढे इंडिया मार्क दोन हा पंप तयार होऊन जगभर गेला. गावकुसाबाहेरच्या ज्या वस्तीस पाटलाच्या विहिरीवर दोर सोडण्याची मुभा नव्हती, तिच्या दारात प्रथमच स्वतःचे पाणी आले. ते उपकार आम्ही विसरू म्हटले तरी विसरता येणार नाहीत. आमच्या घरच्या वडील बायांनी त्या पंपाच्या दांड्यावर हात ठेवून डोळे पुसलेले आम्ही लहानपणी ऐकले आहे.

परंतु हातपंपाची विंधन विहीर निराळी आणि विजेच्या मोटारीची निराळी. हाताने दिवसभर उपसले तरी एका वस्तीचे पिणे निघते. मोटार रात्रभर चालते. एकाने दोनशे फूट नेली की शेजारी तीनशे नेतो. पाचशे, सातशे फुटांचे आकडे आता बीड जिल्ह्यात कोणास नवल वाटत नाहीत, आणि पुष्कळांत शेवटी धूळ निघते. ते धुळीचे पैसे कर्जाने काढलेले असतात. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण, जे बीड जिल्ह्याच्याच काठी आहे, कोरडे पडले, आणि लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. हजारो कुटुंबे दर दिवाळीनंतर ऊस तोडण्यास जिल्ह्याबाहेर जातात, त्यांत आमच्या मंडळ्यांतीलही असतात. आणि त्या महिन्यांत कित्येक उपासनागृहांत म्हातारे व मुले एवढीच राहतात. हवामान पूर्वीचे राहिले नाही हे सर्वच म्हणतात. पाऊस येतो तो कमी दिवसांत व अधिक जोराने येतो. जुलै १९८९ मध्ये तर बिंदुसरेने बीड शहरातच शिरून मोठा प्राणनाश केला. जोराचा पाऊस उघड्या डोंगरावरून धावत सुटतो. मुरमात उतरण्यास त्याला सवड मिळत नाही. अशा दिवसांत, डोंगराच्या उतारावर पाणी अडवून ते पायथ्याशी हळूहळू घेण्याची ती जुनी समजूत म्हातारी म्हणून टाकून देण्यासारखी आहे काय, हे शेतकऱ्यांनी आपापल्या रानात उभे राहून पाहावे.

आम्ही जुन्याची आरती करीत नाही. पाटाचे पाणी जमीन असणाऱ्याच्या रानात जाते. ज्याला जमीन नाही त्याच्या अंगणात जात नाही. सलाबतखानाने विहीर बांधवली तेव्हा आमच्या पूर्वजांस तिच्या पायऱ्या मोकळ्या होत्या असे समजण्यास काही आधार नाही. तीनशे पंचेचाळीस वर्षांनंतर, १९२७ साली, महाडास चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, ह्यावरून वाचकांनी काय ते ओळखावे. पाणी शोधण्याची विद्या आणि पाणी वाटण्याची नीती ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली आमच्या देशात फार होती. दुसरीचा दुष्काळ पावसाच्या दुष्काळाहून जुना आहे.

आता पुन्हा चरित्राकडे.

मुर्तजा दिवसेंदिवस अधिक भ्रमिष्ट होत गेला. एका नर्तकीवर त्याची मर्जी बसली. तिने जडजवाहिराच्या दोन माळा मागितल्या. त्या १५६५ च्या लढाईत विजयनगरच्या रामराजाच्या लुटीत आलेल्या होत्या. राजाने देण्यास सांगितले. राज्याचा असा ठेवा नाचणारीच्या गळ्यात जावा हे सलाबतखानास सहन झाले नाही. त्याने दुसऱ्याच माळा पाठवल्या. ते उघडकीस आले तेव्हा राजाने जडजवाहीर एकत्र आणवून त्यास आग लावली. त्यानंतर राजाचा राग सलाबतखानावरून उतरला नाही, आणि १५८८ साली त्याला दंडाराजपुरीच्या किल्ल्यात कैद करण्याची आज्ञा झाली.

येथे जे घडले ते त्या काळच्या दरबारांत क्वचितच घडले असेल. फौज सलाबतखानाची होती, खजिना त्याच्या हाती होता, आणि आज्ञा देणारा राजा वाड्यात कोंडलेला एक वेडसर मनुष्य होता. त्याच्या माणसांनी त्याला पुष्कळ विनवले की ही आज्ञा मानू नका. त्याने बेड्या मागवल्या, आपल्याच पायांत घालून घेतल्या, आणि पालखीत बसून किल्ल्याकडे निघून गेला. ह्या कृत्यास निष्ठा म्हणावे की चूक, ह्याविषयी आमचे मत असे आहे की त्यात दोन्ही होती. त्याला स्वतःला ती शोभली. परंतु ज्या रयतेचे रस्ते त्याने नऊ वर्षे राखले तिला त्या दिवशी कोणी विचारले नाही. तो गेला आणि काही महिन्यांतच राज्य फाटले. राजपुत्र मीरान हुसेन ह्याने बापास न्हाणीघरात कोंडून मारले. पुढल्या वर्षी तो मुलगाही मारला गेला. नगरच्या रस्त्यांवर परदेशीयांची कत्तल झाली. जमालखान नावाचा सरदार सर्वाधिकारी झाला. ज्या फिरिश्त्याच्या लिहिण्यावरून आम्हांस हे कळते तोही जीव घेऊन विजापुरास गेला.

वऱ्हाडच्या सरदारांनी सलाबतखानास कैदेतून सोडवले आणि जमालखानाविरुद्ध उभे केले. पैठणाजवळ लढाई झाली. म्हाताऱ्याचा पराभव झाला, व तो खानदेशात बुऱ्हाणपुराकडे गेला. त्या वेळी तो सत्तरीच्या घरात होता. आपला शेवट जवळ आला आहे हे ओळखून त्याने ज्याच्याशी लढला त्याच जमालखानाकडे एवढेच मागितले की आपण नगराजवळ जी कबर बांधून ठेविली आहे तीत आपणांस पुरू द्यावे. जमालखानाने ती मागणी मान्य केली. सलाबतखान परत आला, तळेगाव येथे राहिला, आणि थोड्याच दिवसांत, १५९० च्या सुमारास, मरण पावला. त्याला शहा डोंगरावर नेऊन पुरण्यात आले.

त्याच्या मागून त्याच्या पाण्याची मात्र निरनिराळी गती झाली. भातवडीचा तलाव १६२४ साली मलिक अंबराने फोडला; मोगल व विजापूर ह्यांच्या फौजा त्याच्या खालच्या अंगास उतरल्या होत्या, त्यांच्या छावणीत चिखलच चिखल झाला, आणि अंबराने मोठा जय मिळवला. शहाजीराजे भोसले त्या लढाईत होते, व त्यांचे बंधू शरीफजी तेथेच पडले. शेतासाठी अडवलेले पाणी असे एका रात्रीत शस्त्र झाले. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने तो तलाव पुन्हा बांधून काढला. फराहबागेच्या तळ्यात आज पाणी नाही. महाल उभा आहे, आणि त्याच्या भोवती गवत वाढते. डोंगरावरच्या कबरीचा उपयोग इंग्रजी अमलात आजारी गोऱ्या शिपायांस थंड हवेसाठी ठेवण्याकडे होऊ लागला, आणि चांदबिबीचे नाव तिला कायमचे चिकटले. चांदबिबीने १५९५ साली नगरचा किल्ला लढवला व ती १६०० साली मारली गेली. तिची योग्यता मोठी, तिला ह्या उसन्या महालाची गरज नव्हती.

बीडची विहीर जेथल्या तेथे आहे. आम्ही एका वैशाखात सोलापूरच्या वाटेने जाताना तेथे उतरलो होतो. रस्त्यावरून ऊसतोडीहून परतणाऱ्या माणसांनी भरलेला ट्रॅक्टर चालला होता; तो थांबला, आणि दोघी बाया कळशी घेऊन खाली उतरल्या. ही कोणी बांधली असे आम्ही त्यांतल्या थोरलीस विचारले. तिने राजाने बांधली असे सांगितले, कोणता राजा हे तिला ठाऊक नव्हते, आणि कळशी भरून ती ट्रॅक्टरकडे गेली.